नदी दळायला बसली

सहावीच्या २३ वह्या तपासून झाल्या आणि मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. ‘आपल्या भागातली, आजवर कुणी न सांगितलेली लोककथा लिहा’ असं मी सांगितलं होतं. १९ वह्यांत लबाड कोल्हा होता, बाकीच्यांत लाकूडतोड्या. प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरांत तात्पर्य. वाईट वाटलं, कारण दोष पोरांचा नव्हता. मुद्दे द्यायचे, त्यावरून गोष्ट लिहून घ्यायची, शीर्षक आणि तात्पर्याला गुण ठेवायचे, ही सवय आम्ही शिक्षकांनीच लावलेली.

आमची शाळा पारनेर तालुक्यात, निघोजच्या जवळ. इथे कुकडी नदी काळ्या खडकातून वाहते आणि त्या खडकाला तिनं ठिकठिकाणी खळगे पाडले आहेत. काही घागरीएवढे, काही इतके खोल की वाकून पाहिलं तरी तळ दिसू नये. पुराच्या पाण्यात गोटे अडकतात, भोवऱ्याबरोबर गरगर फिरतात आणि खडक घासत खाली उतरत जातात. हा बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भूगोलाच्या पुस्तकात या खळग्यांना रांजणखळगे म्हणतात, गावात नुसतं ‘कुंड’.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, वह्या वर्गातच ठेवून आम्ही कुंडावर गेलो. नदीच्या दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत. अलीकडच्या देवळाच्या सावलीत, पाण्यापासून लांब, पोरांना गोल करून बसवलं. आज लिहायचं नाही, सांगायचं. पोरांना एकच शब्द दिला : रांजण. हे रांजण कुणाचे? इथे कुणी ठेवले? गोष्टीत गावाचं, माणसाचं नाव नको. शेवटी तात्पर्य नको. आणि एक ओळ अशी हवी, जी फिरून फिरून येईल आणि ऐकणारा घरी घेऊन जाईल. हे समजावायला मला वेळ लागला नाही, ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सगळ्यांच्या तोंडी होतंच.

सुरुवातीला राक्षस आले, मग भीम आला. ठीक होतं. पण ऐकणाऱ्यांची चुळबुळ थांबत नव्हती.

मग ती उठली. मेंढपाळाच्या घरातली पोर. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या मेंढपाळ कुटुंबांचा तांडा, मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाला की ती वर्गातून जाते, पावसाच्या तोंडावर परत येते. तिच्या वहीत साडेतीन ओळी होत्या. कोल्हा त्यांतही होता. पण ‘व्हता’, ‘पानी’, ‘लई’ या शब्दांखाली मी लाल रेघा मारल्या होत्या. त्या रेघांची बोच मला अजून आहे.

“नदी व्हती. लई पळायची. पाऊस आला की यायची, पाऊस गेला की जायची. काठावर एक धनगरीण. मेंढरं तिची तहानलेली. ती म्हनली, ‘थांब गं बाई घडीभर, मेंढरू माझं तान्हेलं.’ नदी म्हनली, ‘मला न्हाय थांबता येत, माझा वाडा पुढं गेलाय.’”

माझा वाडा पुढं गेलाय. नदीच्या तोंडी हे वाक्य आमच्या वर्गात दुसऱ्या कुणालाही घालता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी धनगरणीनं घागर आणली. चार मेंढरं पाणी प्याली, बाकीची तशीच राहिली. पुन्हा ‘थांब गं बाई घडीभर’. तिसऱ्या दिवशी नदीच म्हणाली, “पाणी देते की, पण कशात ठिवू? भांडं कुठंय?” धनगरीण म्हणाली, “मला भांडं घडवता येत न्हाय, दळता येतं. तू दळायला बस, मी ओवी म्हनते.” एव्हाना ती ओळ आली की सगळा गोल एका सुरात म्हणत होता. नदी बसली. तिच्या हातात गोटे होते. “रातभर दळलं. जोंधळं न्हाय, खडक दळला. पीठ वाहून गेलं, रांजन ऱ्हायलं.”

आणि शेवटी, कुणी न शिकवता, “मेंढरं गेली वाघरात, गोष्ट ऱ्हायली तुमच्या घरात.” वाघूर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी.

परत येताना मी विचारलं, दळण कसं सुचलं? तिला प्रश्नाचंच नवल वाटलं. “तळाला गोल गोटे हायेत की, सर. आजीच्या जात्याची पाळू अशीच झिजलीया.” रांजणखळग्यांचा धडा अजून शिकवायचा होता. मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून जे सांगतो, ते तिनं जात्यावरून सांगितलं होतं.

बुधवारी मधल्या सुट्टीत ती रागानं लाल होऊन आली. “सर, माझी गोष्ट मोडली!” शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पहिलीच्या पोरांना तीच गोष्ट सांगत होत्या. नातवाकडून ऐकलेली. पण त्यांच्या गोष्टीत धनगरणीऐवजी सून होती, आणि एकटीला दळण जड जातं म्हणून ती नदीबरोबर स्वतः जात्याला बसली होती.

या क्षणाची तयारी मी केली नव्हती. मी तिला जात्यावरच्या ओव्यांबद्दल सांगितलं. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी गावोगावच्या बायकांकडून त्या गोळा केल्या. बहुतेक ओव्या मुळात कुणी रचल्या ते कुठेच लिहिलेलं नाही. जी दळायला बसली, तिनं आपली ओळ घातली.

“मग पयल्या बाईला राग आला नसंल?”

“आला असेल,” मी म्हणालो. खोटं सांगवेना.

पुढच्या शनिवारी तिनं पहिलीच्या मुलांपुढे स्वतः गोष्ट सांगितली. धनगरीण धनगरीणच राहिली. पण आता तीही नदीसमोर बसली, “दोघींचा हात एकाच खुंट्यावर”. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. खुंटा दोघींच्याही गोष्टीत आधी नव्हता. मी ती गोष्ट तिच्याच शब्दांत, एकही ‘व्हती’ न बदलता, मोठ्या कागदावर लिहून वर्गात लावली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा वाडा गेलेला होता. तिची जागा रिकामी. खिचडीचं पातेलं उतरवून मावशी माझ्याकडे आल्या. “गुरुजी, ती पोरगी कवा येती?”

“पाऊस पडला की.”

“आली की मला सांगा. दळताना धनगरणीनं कंची ओवी म्हटली, ते ती बोललीच न्हाय. नातू रोज इचारतोय.”