मॅक तीन, पत्ता एकच
टेस्टिंगवाल्यांना तीन व्हीएम, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे आभासी कॉम्प्युटर, हव्या होत्या. एक उबुंटू नीट सेट केली, तिचे दोन क्लोन काढले आणि तिन्ही होस्टच्या (त्या चालवणाऱ्या मूळ मशीनच्या) ब्रिजवर, म्हणजे त्यांना बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या आभासी स्विचवर, टाकल्या. नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून प्रत्येकीला आयपी पत्ता मिळाला की झालं. तासाभराने मेसेज आला: "तुझी दुसरी व्हीएम स्वतःला पहिली समजतेय."

बघितलं तर खरंच. एकाच पत्त्यावर एसएसएचने (दुरून) लॉगिन केलं की प्रॉम्प्टवर कधी टेस्ट-१ दिसायचं, कधी टेस्ट-३. मध्येच सेशन गोठायचं. होस्ट-की, म्हणजे मशीनची ओळख पटवणारी किल्ली, बदलल्याचा तो एसएसएचचा नेहमीचा आरडाओरडा मात्र नाही. शंका खरं तर तिथेच यायला हवी होती, कारण कीसुद्धा क्लोनमध्ये जशीच्या तशी गेली होती. कन्सोल उघडून पाहिलं, तिघींचाही पत्ता १९२.१६८.१.४७.

संशय अर्थातच ब्रिजवर. नेटवर्कमधली चक्रं टाळणारं त्याचं एसटीपी बंद केलं, पोर्ट सुरू होण्याआधीच्या थांब्याचे (फॉरवर्ड डिले) १५ सेकंद शून्यावर आणले. काही फरक नाही. ब्रिजचं फॉरवर्डिंग टेबल काढलं तर तीन वेगळे मॅक (नेटवर्क कार्डांचे क्रमांक), तीन वेगळ्या व्हीनेट पोर्टवर, चोख. ब्रिज निर्दोष. तरी वैतागून मॅकमधले ५२:५४:०० च्या पुढचे आकडे हाताने बदलले, रीबूट केलं. पुन्हा ४७.

मग ब्रिजवरची ये-जा बघायला टीसीपीडम्प लावला, डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८. पत्ता मागणारं डिस्कव्हर जातंय, सर्व्हरची ऑफर येतेय, सगळं रीतसर. आमचे एक सीनियर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मॅक काय बघत बसलायस? ऑप्शन ६१ बघ."

क्लायंट आयडेंटिफायर, म्हणजे पत्ता मागणारं मशीन स्वतःची जी ओळख सांगतं ती. सुरुवातीला २५५, मग हेक्साडेसिमल आकड्यांतली बाइट्सची माळ. तिन्ही व्हीएमच्या ओळी एकाखाली एक ठेवल्या, शेवटच्या बाइटपर्यंत सारख्या.

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की डीएचसीपी मॅकवरून ओळखतं. डीएचसीपीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी २१३१ मध्ये १९९७ पासून लिहिलंय की क्लायंटने आयडेंटिफायर पाठवला तर ओळख त्यावरूनच. मॅक फक्त तो नसेल तेव्हा. आणि उबुंटूतलं नेटवर्क सांभाळणारं सिस्टमडी-नेटवर्कडी तो आयडेंटिफायर बनवतं मशीन-आयडी (त्या सिस्टमचा स्वतःचा क्रमांक) आणि नेटवर्क इंटरफेसच्या नावावरून. क्लोनमध्ये दोन्ही तेच. सर्व्हरच्या नजरेने एकच क्लायंट वारंवार नेटवर्क कार्ड बदलून येत होता, आणि सर्व्हर बिचारा इमानाने जुनी लीज, म्हणजे आधी दिलेला पत्ताच, पुढे करत होता.

"नेटप्लॅनमध्ये आयडेंटिफायर मॅक ठेव, दोन मिनिटांत सुटेल," सीनियर म्हणाले. नेटप्लॅन म्हणजे उबुंटूची नेटवर्क सेटिंग. सुटलं असतं, पण मशीन-आयडी सारखाच राहिला असता आणि उद्या लॉगमध्ये भलताच घोळ झाला असता. म्हणून दोन्ही क्लोनमधली इटीसीतली मशीन-आयडीची फाइल रिकामी करून रीबूट केलं. जुनाच आयडी परत! डी-बस (प्रोग्रॅमना आपसात बोलू देणारी सेवा) च्या फोल्डरमध्ये त्याची प्रत होती, तिथून तो उचलला गेला होता. तीही उडवली, शिवाय एसएसएचच्या होस्ट-की नव्याने बनवल्या.

आता पत्त्यांचे शेवटचे आकडे ४७, ५२, ५३. टेस्ट-३ पुन्हा रीबूट केली, तरी ५३ च. पुढच्या लॉगिनला माझ्या टर्मिनलने ५२ आणि ५३ साठी नव्या की मान्य आहेत का, असं विचारलं. दोन्ही कींचे ठसे (फिंगरप्रिंट) कन्सोलवरच्या ठशांशी ताडून पाहिले आणि दोनदा 'यस' टाइप केलं.