ओढणी

रविवार, रात्र

सकाळी धुणं भिजवताना ती पांढरी ओढणी सापडली. महिनाभर शोधत होते, चिऊच्या उशीखाली चुरगळून पडलेली. पार पिवळी पडली होती. टाकली बादलीत, घासली, वाळत घातली.

दुपारी झोपायच्या वेळेला पोरीनं घर डोक्यावर घेतलं. "आईची! आईची!" मी मांडीवर घेतेय आणि ती मला ढकलून दोरीवरच्या ओल्या ओढणीकडं हात करतेय. मी इथं असताना!

मग आत्या म्हणाल्या, रोज तीच नाकाशी धरून झोपते. हळदीचे सौदे सुरू झाल्यापासून.

सीझनमध्ये मार्केट यार्डात, मी काम करते तिथं, हवेतच हळद असते. राजापुरीची पोती ओतली की वहीच्या पानांवर, कॅल्क्युलेटरच्या बटणांच्या फटीत, नखांत, सगळीकडं. घरी आल्यावर मी आधी हातपाय धुते, कपडे बदलते, मगच तिला उचलते. म्हणजे जो वास तिला हवा होता, तो रोज धुऊन मी तिच्याजवळ जात होते.

मला कुणी सांगितलं का नाही?

दुपारपासून हेच चाललंय डोक्यात. तिचं पहिलं पाऊलही मी फोनवरच पाहिलं, पण ते जाऊ दे. कायद्यात 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, ती निदान दहा माणसं कामाला असतील तिथं. पाळणाघराचं कलम 2017 ला आलं, ते निदान पन्नास माणसं असतील तिथं. आमच्या पेढीवर आम्ही सहाजण. तीन महिने बिनपगारी काढले आणि परत वह्या उघडल्या. त्या वह्यांत कुणाच्या किती पोत्यांची पट्टी झाली, कुणाची उचल बाकी, सगळं मला तोंडपाठ. आणि माझी पोर कशी झोपते ते माहीत नाही.

संध्याकाळी आत्यांना विचारलंच. जरा चढ्या आवाजात विचारलं, ते नको होतं.

"सांगून काय केलं असतंस? तिथं बसून रडली असतीस."

मग भाजी निवडता निवडता, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "आमच्या आईच्या लुगड्याला हाच वास. हरिपूरला जमिनीखालच्या पेवातली हळद निवडायला जायची. ती यायच्या आधी झोप लागली, तर मी वळकटीतलं तिचं जुनेर ओढून घ्यायची."

इतक्या वर्षांत हे कधी बोलल्या नव्हत्या. मी काही बोलले नाही. शेंगा सोलत बसलो दोघी.

उद्या हिरवी घालून जाईन. आल्यावर धुणार नाही, तिच्या उशाशीच ठेवीन.

पांढरी वाळली. साबणाचा वास येतोय तिला. चिऊ तीच घेऊन झोपलीय, पण नाकाशी नाही, नुसती मुठीत धरून.