वेर-वीरची गाठ सुटली!

पोर्तुगीज क्रियापदं शिकतोय. मागच्या नोंदीत ‘ओल्यार’ (मुद्दाम नजर टाकणं) उरकलं होतं. तेव्हापासून ‘वेर’मध्ये, म्हणजे साध्या ‘पाहणे’मध्ये, गाडी रुतली होती. काल रात्री निघाली एकदाची.

अर्थांनी त्रास दिला नाही. ‘पेलु वीश्तु’ म्हणजे आपलं ‘दिसतंय त्यावरून’. ‘तेर आ वेर कों’ म्हणजे संबंध असणे. छळलं ते ‘फुतुरु दु कोंझुंतीवु’ने, म्हणजे ‘जेव्हा’, ‘जर’ यांच्याबरोबर येणाऱ्या भविष्यकाळी रूपाने. ‘क्वांदु एउ वीर उ मार’, मी समुद्र पाहीन तेव्हा. इथलं ‘वीर’ वेरचं रूप. पण ‘येणे’चं मूळ क्रियापदही ‘वीर’च, आणि त्याचं याच काळातलं रूप ‘विएर’! ‘वीमुश’ तर दोघांचं: आम्ही पाहिलं, आणि आम्ही येतो. ब्राझीलमध्ये रोजच्या बोलण्यात लोक ‘वीर’ टाळून सर्रास ‘सी एउ वेर’ (मी पाहिलं तर) म्हणतात, ते उगाच नाही.

फ्लॅशकार्डं इथे कुचकामी, कारण ती एकेक रूप सुटं दाखवतात. प्रिबेरामच्या कोशातले दोन्ही रूपतक्ते शेजारी मांडले, खाली लॅटिन लिहिलं आणि उलगडा झाला. लॅटिन ‘विदेरे’तला द दोन स्वरांमध्ये गळाला: वेएर, मग वेर. ‘वेनीरे’तला न तसाच गळाला, ‘लूना’चं (चंद्र) ‘लुआ’ झालं तसा, आणि उरलं वीर. पाहण्याचं ‘वीर’ मात्र ‘वीदी’ या भूतकाळी अंगातून आलेलं. म्हणून युक्ती अशी: ‘त्यांनी पाहिलं’ वीरांव, शेपूट काढा, वीर. ‘ते आले’ विएरांव, शेपूट काढा, विएर. दर वेळी जमतं!

आणि खरा आनंद पुढेच. हे ‘वीदी’ आणि संस्कृत ‘वेद’ (मी जाणतो) एकाच धातूचे. ‘वेद’ घडणीने लिट् (संस्कृतचा एक भूतकाळ), तेही द्वित्वाशिवाय, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दुहेरी न होता, अर्थ मात्र वर्तमानाचा. पाहून झालं म्हणजे आता ठाऊक आहे. पाणिनीला यासाठी ‘विदो लटो वा’ (‘विद्’ला वर्तमानाच्या प्रत्ययांऐवजी विकल्पाने लिट्चे प्रत्यय) असं वेगळं सूत्र करावं लागलं. ते पाठ होतं, पण त्याचा नातेवाईक लिस्बनमध्ये रोज ‘वी’ (मी पाहिलं) म्हणून बोलला जातो, हे कळल्यावर झोप लागेना.

आता ‘सेंतीर’ (वाटणे, जाणवणे) घेणार होतो. पण हे लिहिताना ‘ओवीर’ (ऐकणे) आठवलं: ‘आउदीरे’तला द गेला आणि मध्ये व शिरला. सेंतीर थांबेल. त्याहून टोचतंय ते वेगळंच. ‘विदेओ’चं ‘वेझु’ झालं, मी पाहतो. मग ‘आउदिओ’चं ‘ओसु’ (मी ऐकतो) का? दोन्हीकडे द आणि पुढे इ-सारखाच स्वर, तरी एकीकडे झ आणि दुसरीकडे स. मला आधीच्या ‘आउ’वर संशय आहे. असे आणखी जोड कुणाकडे असतील तर पाठवा, तक्ता आजच आखतोय.