पाजलं तरी का झालं?

आमच्या कर्करोग विभागातील माहितीपत्रकात पाळी कितव्या वर्षी आली, पहिले मूल कधी झाले, अंगावर किती महिने पाजले असे रकाने असतात आणि बहुतेक जणी ते भरून मोकळ्या होतात. त्या दिवशी आलेल्या, स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या चौतीस वर्षांच्या बाईंनी मात्र लेखणी खाली ठेवली. "दोन्ही मुलांना वर्ष-वर्षभर पाजलं, डॉक्टर. मग हे मला कसं झालं?" धाकटे मूल तीन वर्षांचे होते आणि गाठ दुधाचीच असेल या समजुतीत काही महिने निघून गेले होते.

त्यांची समजूत निराधार नव्हती. ३० देशांतील ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये निघालेल्या निष्कर्षानुसार दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी, तर दर बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी कमी होतो. मात्र ही घट सापेक्ष, म्हणजे मूळ धोक्याच्या तुलनेत मोजलेली आहे; पाजल्याने धोका संपत नाही. शिवाय बाळंतपणानंतर काही वर्षे धोका उलट थोडा वाढलेला असतो आणि प्रसूतीचा फायदा दिसायला दोन दशकांहून अधिक काळ लागू शकतो.

"मग निदान बरं होण्यात तरी त्याचा उपयोग होईल ना?" सोबत आलेल्या बहिणीने विचारले. खरी अडचण इथेच होती, कारण रोग होण्याची शक्यता आणि झालेल्या रोगाची वाटचाल या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. बाळंतपणानंतरच्या पाचेक वर्षांत निदान झालेला कर्करोग इतरत्र पसरण्याची शक्यता अधिक आढळते. दूध बंद झाल्यावर स्तनातील ऊती पूर्वस्थितीला येताना जखम भरून येताना होतात तसे बदल होतात आणि ते गाठीच्या पथ्यावर पडत असावेत, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते. उलट, मुलांना अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण कमी असल्याचे काही अभ्यास सांगतात. पण त्यांच्या गाठी मुळातच सौम्य प्रकारच्या असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे श्रेय नेमके कशाला द्यायचे हे ठरवणे कठीण जाते.

हे सारे मी सांगितले आणि औषधे मात्र गाठीची अवस्था, श्रेणी, हार्मोन रिसेप्टर व हर-टू (गाठीच्या पेशींत तपासली जाणारी प्रथिने) यांवरूनच ठरतील, हेही स्पष्ट केले. "दूध तोडलं म्हणून तर नाही ना झालं?" या प्रश्नाला मी ठामपणे नाही म्हटले, ते ओझे त्यांनी वाहण्याचे काहीच कारण नव्हते. वय कमी असल्याने बीआरसीए जनुकांची (यांतला दोष आनुवंशिक असतो आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो) चाचणी लिहून दिली आणि त्यात दोष आढळल्यास तुमचीही तपासणी करावी लागेल, असे बहिणीला सांगितले.