बाईंचा पो

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं, मागोमाग स्मरणिकेसाठी लिहा म्हणून फोनही आला. शाळेबद्दल लिहायला खूप आहे पण खरं सांगू, मला फक्त इंग्रजीच्या बाईंबद्दलच लिहायचंय. स्नेहसंमेलन, खो-खोची टीम वगैरे बाकीच्यांनी लिहिलं असेलच.

बाईंकडे एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाचं एक जाडजूड पुस्तक होतं, पुढे कथा, मागे कविता. सिलॅबसमध्ये त्यातलं काही नव्हतं, पण ऑफ तासाला बाई आल्या की ते हातात असायचंच. पोचं म्हणणं असं की कथा असो नाहीतर कविता, एका बैठकीत वाचून व्हायला हवी, मध्येच उठलं की सगळा परिणाम गेला. बाईंनी हे इतकं मनावर घेतलं होतं की 'द टेल-टेल हार्ट' चालू असताना शिपाईकाका नोटीस घेऊन आले तर त्यांना हातानेच दारात थांबवलं आणि शेवटचं वाक्य वाचून मगच सही केली. म्हाताऱ्याचा खून करून त्याला जमिनीच्या फळ्यांखाली लपवणारा तो माणूस आणि त्याला ऐकू येणारी ती धडधड, बाई टेबलावर डस्टर हळूहळू आपटत वाचत होत्या आणि मागच्या बाकांवरच्या मुलांनी पाय वर घेतलेले मी पाहिलेत.

पण माझा खरा तास 'द गोल्ड-बग'चा. १८४३ ची कथा, तिला १०० डॉलरचं बक्षीस मिळालेलं. पुरलेल्या खजिन्याचा पत्ता गुप्त लिपीत आहे. बाईंनी ती लिपी अख्खी फळ्यावर उतरवली, नुसते आकडे आणि चिन्हं, आणि म्हणाल्या, "मोजा." ८ सगळ्यात जास्त, ३३ वेळा. इंग्रजीत सगळ्यात जास्त येतं ते 'ई', मग ८ म्हणजे 'ई'. अर्धविराम, ४ आणि ८ सारखे एकत्र येतायत, म्हणजे तो 'द' (the) हा शब्द असणार! कोणीतरी विचारलं, बाई, मराठीत काय जास्त येतं? तर म्हणाल्या, धडा उघडा आणि शोधा. आमच्या धड्यात काना जिंकला. आज मी डेटा सिक्युरिटीत आहे, हाताखाली मोठी टीम आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी तीच लिपी सोडवायला देतो.

'द रेव्हन' ही कविता १८४५ मध्ये छापून आली आणि पोचं नाव सगळीकडे झालं. पुढच्याच वर्षी त्याने लेख लिहून सांगितलं की कवितेत पुन्हा पुन्हा येणारा 'नेव्हरमोअर' (पुन्हा कधीच नाही) हा शब्द आपण त्यातल्या 'ओ' आणि 'आर'च्या आवाजासाठी निवडला. बाई म्हणायच्या, कथेत अक्षरं मोजणारा आणि कवितेत आवाज मोजणारा माणूस एकच आहे, म्हणून त्याच्या कथा आणि कविता वेगळ्या पुस्तकांत ठेवू नयेत. मला हे आजही शंभर टक्के पटतं. 'ॲनाबेल ली' मात्र त्यांनी कधी समजावली नाही. पो ऑक्टोबर १८४९ मध्ये गेला, जेमतेम चाळीस वर्षांचा, आणि ती कविता त्यानंतर दोनच दिवसांनी छापून आली, एवढं सांगून नुसती वाचायच्या.

मध्ये शाळेत येऊन गेलो तेव्हा लायब्ररीच्या कपाटाला कुलूप होतं आणि मुलांच्या हातात गाईड. वाईट वाटलं. नववीच्या वर्गांसाठी पोच्या कथा-कवितांच्या प्रती मी पाठवतोय, फक्त त्या कपाटात ठेवू नका, आणि सुरुवात 'द रेव्हन'पासून नको, 'द गोल्ड-बग'पासून करा.