सोलापूरच्या जुन्या सायडिंगांचा माग: आता भिंतींचा बाक मोजतोय

सोलापूरच्या जुन्या कापड गिरण्यांकडं जाणाऱ्या सायडिंगा, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून गिरणीत जाणारे रुळांचे फाटे, कुठून जात होते ते मी शोधतोय. मुरारजी पेठेच्या अंगाच्या बऱ्याचशा गल्ल्या पालथ्या घालून झाल्या. जमिनीत रूळ मिळेल ही आशा मी कधीच ठेवली नव्हती. उखडलेला रूळ आपल्याकडं भंगारात जातो आणि उभा होऊन परत येतो. फाटकाचा खांब, पत्र्याच्या शेडचा टेकू, कुंपणाचा कोपरा, जिथं बघावं तिथं रूळच. असे खांब मी आता फक्त मापासाठी नोंदवतो. डोकं ६२ मिलिमीटर आणि पाया १२२ भरला की तो ७५ पौंडी (एक यार्ड लांबीला ७५ पौंड वजनाचा), ५७ आणि १०९ भरला की ६० पौंडी. रंगाचे थर फार नसतील तर मधल्या पाटीवर उठावाची अक्षरंही सापडतात. खडू आडवा घासून टॉर्च बाजूनं धरायची. परवा एका फाटकावर टाटाचं नाव आणि सालाचे पहिले तीन आकडे, १९२, असं लागलं. चौथा गंजानं खाल्लाय. पण खांब कुठूनही विकत आणलेला असू शकतो, त्यामुळं तिथंच रूळ होता असं त्यावरून ठरत नाही.

ते ठरतं वळणावरून, आणि सध्या माझा सगळा वेळ त्यातच जातोय.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापुरात १८६० साली आली. मोरारजी गोकुळदासांची जुनी मिल १८७० च्या दशकातली. बॉयलरला लागणारा कोळसा लांबून, वॅगनीतनं यायचा. म्हणून सायडिंगचा माग काढायचा तर यार्डातून गिरणीकडं वळणाऱ्या रेषा बघायच्या. रूळ काढले तरी हद्दीची भिंत तशीच राहते, पुढं तिला टेकून घरं होतात, आणि वळण शाबूत राहतं.

रेल्वे हद्दीपासून जवळच एका गल्लीत अशी दगडी भिंत आहे. तिच्या आतल्या बाजूनं २० मीटरची दोरी ताणली. मधोमध दोरी आणि भिंत यांच्यातलं अंतर, म्हणजे रुळांची देखभाल करणारे गँगवाले ज्याला व्हर्साइन म्हणतात ते, २७ सेंटीमीटर आलं. दोरीच्या लांबीचा वर्ग भागिले व्हर्साइनची आठपट: ४०० भागिले २.१६, त्रिज्या साधारण १८५ मीटर. ब्रॉडगेजच्या वळणाची मर्यादा १० अंश, म्हणजे कमीत कमी १७५ मीटर त्रिज्या. मीटरगेजला १६ अंश, १०९ मीटर. नॅरोगेजला ४० अंश, ४४ मीटर. १८५ हे ब्रॉडगेज सायडिंगला अगदी शोभणारं माप आहे. दोरी पुढं सरकवत भिंतीच्या टोकापर्यंत गेलो, तर आकडा २६ ते २८ च्या बाहेर गेला नाही. मला सगळ्यात जास्त आनंद याचाच झाला. नाल्याकाठची किंवा जुन्या पायवाटेची भिंतही वळते, पण इतकी एकसारखी वळत नाही. मोजताना गिलाव्याचा फुगवटा टाळा. एका सेंटीमीटरला त्रिज्या सहा-सात मीटरनं हलते.

दोरी गुंडाळत असताना समोरच्या ओट्यावरून एका आजोबांनी विचारलं, "काय मोजालाव ओ?" सांगितलं. ते म्हणाले, "इथं वॅगनी यायच्या की. आम्ही पोरं खाली सांडलेला कोळसा वेचायचो, आईला चुलीला."

त्यानंतर भिंतीच्या बुडाशी नीट पाहिलं. सोलापुरात रुळाखालच्या काळ्या दगडाच्या गिट्टीवर विसंबू नये, इथली जमीनच त्या दगडाची. जळून सच्छिद्र झालेली खंगरही बॉयलरमधून निघून कुठंही भरावाला जायची. कच्चा कोळसा मात्र कुणी भरावात घालत नाही. पावसानं धुऊन निघालेल्या एका पट्ट्यात शेंगदाण्याएवढे चकाकते तुकडे मिळाले, नखानं खरवडले तर बोट काळं होणारे. माझ्या दृष्टीनं आजोबांची आठवण, ते तुकडे आणि ती त्रिज्या एकाच गोष्टीकडं बोट दाखवतात.

नकाशाचं काम संथ चाललंय. अमेरिकेच्या 'कोरोना' नावाच्या हेर उपग्रहांची १९६० ते ७२ मधली, १९९५ साली खुली झालेली छायाचित्रं आजच्या नकाशावर बसवतोय. भुईकोट किल्ल्याची तटबंदी आणि सिद्धेश्वर तलावाचा काठ हे जागचे न हललेले बिंदू धरले की शहराचा मधला भाग छान जुळतो. स्टेशनकडं सरकलं की चित्र ताणलं जातं, म्हणून यार्डाजवळचे आणखी बिंदू हवेत. भिंतीची रेषा त्यावर उतरवल्याशिवाय ती मी नकाशात पक्क्या रंगानं काढणार नाही. सध्या तुटक रेषेतच आहे.

होटगीकडच्या मीटरगेजला अजून हात लावलेला नाही. गोलगुंबज एक्सप्रेस मीटरगेजवरून सोलापुरात यायची ते दिवस पाहिलेले बरेच जण अजून आहेत, त्यामुळं तिथं आधी माणसांशी बोलायचं आणि मग दोरी काढायची.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी लक्ष्मी-विष्णू, जुनी मिल किंवा नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या आवारातले जुने फोटो असतील तर मागं कोपऱ्यात वॅगन किंवा रूळ दिसतो का, तेवढं बघा. आणि चालू रुळांजवळ मोजमाप करू नका. बाहेरच्या गल्ल्यांतच काम भरपूर आहे. पुढच्या खेपेला त्याच भिंतीचं दुसरं टोक, जिथं ती एका गोदामामागं जाते, तिथं मालकांची परवानगी मिळाली की दोरी लावतो.