सहाशे चाळीस कार्डं आणि प्रश्नचिन्हांचा पाऊस

उजळणीची कार्डं दाखवणारं 'अंकी' हे ॲप उतरवून घेणं, खातं उघडणं, फोनवर तेच जोडणं याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, ते होतं. मी अडकलो ते एकाच पायरीवर : स्वतःची मराठी टिपणं फाइलीतून त्यात नेताना. त्या पायरीवर चार संध्याकाळी गेल्या.

चीड येते ती अशासाठी की चूक झाली असं कुणी सांगतच नाही. फाइल दिली, आयातीचं बटण दाबलं, '६४० नोंदी जोडल्या' असं शांतपणे उत्तर आलं. कार्ड उघडलं तर प्रश्नाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि उत्तराच्या जागीही प्रश्नचिन्हंच. शब्दांमधल्या मोकळ्या जागा आणि पूर्णविराम तेवढे जागच्या जागी.

बिघाड अंकीत नसतो, तो आधी सेव्ह करताना झालेला असतो. टिपणं स्प्रेडशीटमध्ये दोन रकान्यांत लिहिली, डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, की 'सेव्ह ॲज'मध्ये सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणारी साधी फाइल) या नावाचे दोन-तीन पर्याय दिसतात. त्यातला नुसता 'सीएसव्ही' निवडला तर काही प्रोग्राम संगणकाच्या जुन्या, एका बाइटच्या अक्षरसंचात मजकूर लिहितात. त्या संचात जागा २५६, आणि देवनागरीसाठी त्यात एकही नाही. जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून प्रोग्राम मोकळा होतो. गंमत म्हणजे फाइल बंद करेपर्यंत पडद्यावर मराठी अगदी नीट दिसत राहतं, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो. पहिल्या दोन संध्याकाळी मी अंकीतले फाँट बदलत बसलो होतो.

आधी बिघाडाचा प्रकार ओळखा, मगच हात लावा. प्रश्नचिन्हं दिसत असतील तर त्या फाइलीतून मजकूर गेला, तो परत येत नाही. मूळ स्प्रेडशीटकडेच जावं लागतं. रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त त्या उपकरणावर देवनागरीचा फाँट नाही. आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्याच्या शेजारी चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ किंवा येनची खूण, मग आणखी काहीतरी, अशी प्रत्येक अक्षराला तीन-तीन चिन्हं दिसत असतील तर आनंद माना. फाइल बरोबर आहे, फक्त ती चुकीच्या संचात उघडली गेली आहे. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं आणि तीन बाइट म्हणजे तीन वेगळी अक्षरं असं समजून प्रोग्राम ती वाचत असतो. अशी फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. स्प्रेडशीटमधल्या 'डेटा आयात'च्या मार्गाने घ्या आणि तिथे यूटीएफ-८ निवडा. या अवस्थेत ती पुन्हा सेव्ह मात्र करू नका. ते तीन-तीन चिन्हांचं जंजाळ एकदा खरा मजकूर म्हणून लिहिलं गेलं की सोडवणं फार किचकट होतं.

ही चाचणी मला चौथ्या संध्याकाळी सुचली. ती पहिल्या दिवशीच करावी. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फक्त 'मराठी' हा शब्द लिहा, पुढे एंटर दाबू नका, सेव्ह करा आणि फाइलीचा आकार बघा. म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हं होतात, म्हणून १५ बाइट दिसले तर ती यूटीएफ-८ आहे. १८ दिसले तरी तीच, फक्त सुरुवातीला ३ बाइटची ओळखखूण चिकटवलेली आहे. १० किंवा १२ म्हणजे यूटीएफ-१६ ही दुसरी साठवणपद्धत. आणि ५ म्हणजे पाच प्रश्नचिन्हं. स्प्रेडशीटमधून काढलेल्या फाइलीत ओळ संपल्याचे एक-दोन बाइट जास्त येतील एवढंच. अंकीत काहीही न नेता, अर्ध्या मिनिटात कळतं की सेव्ह करण्याचा कोणता पर्याय खरा आहे.

खरा पर्याय बहुधा 'सीएसव्ही यूटीएफ-८' या नावाने यादीत वेगळा असतो. तो नसेल तर स्प्रेडशीटमधले दोन्ही रकाने निवडून कॉपी करा, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये पेस्ट करा आणि सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडा. असं पेस्ट केलं की रकान्यांमध्ये स्वल्पविरामाऐवजी टॅब येतो. शेवटी मी कायमचा हाच मार्ग धरला, कारण स्वल्पविरामाने दुसरा घोटाळा केला होता.

मराठी उत्तरात स्वल्पविराम हमखास असतो. 'नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद' हे एक उत्तर सीएसव्हीमध्ये चार रकाने होऊन बसतं, कार्डावर फक्त 'नाम' उरतं आणि पुढचं कुठे गेलं ते कळत नाही. असा मजकूर सरळ दुहेरी अवतरणात ठेवावा लागतो. स्प्रेडशीट ते स्वतःहून करते. पण टिपणं वर्ड प्रोसेसरमध्ये लिहून तशीच फाइलीत टाकली तर तिथली अवतरणं वळणदार असतात, आणि वळणदार अवतरणाला फाइल वाचणारा प्रोग्राम अवतरण मानत नाही. टॅबने वेगळे केलेले रकाने हा यावरचा सोपा तोडगा, कारण टिपणात टॅब सहसा कुणी टाकत नाही. एका चौकटीत दोन ओळी मात्र टाळा. ओळ तोडायचीच असेल तर तिथे एचटीएमएलची, म्हणजे वेबपानांच्या भाषेतली, ओळ-तोड खूण <br> लिहा आणि आयात करताना एचटीएमएल चालेल असं निवडा.

फार जुनी टिपणं असतील तर त्याआधी आणखी एक खड्डा आहे. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटांत, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंत टाइप केलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत असतात रोमन अक्षरं. फाँट बदलला की सगळा कचरा. त्याला यूटीएफ-८ चा उपयोग नाही, आधी तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढावा लागतो. परिवर्तकाची परीक्षा 'आर्थिक' या शब्दाने घ्या. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. 'आर्थिक' आणि 'वाऱ्यावर' नीट उतरले तर बाकीचा मजकूर बहुतेक ठीक असतो. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरावरही हीच परीक्षा करा, तिथेही वेलांट्या आणि रफार जागा सोडतात.

इथवर येईपर्यंत मला एक गोष्ट नीट कळली. वहीत अक्षर दिसतं तेच असतं. इथे दिसणं वेगळं आणि असणं वेगळं.

उत्तर टाइप करून तपासायची सोय वापरली की याचा पुन्हा प्रत्यय येतो. अंकी तुमचं उत्तर मूळ उत्तराशी चिन्हागणिक ताडून हिरवं-लाल दाखवतं. मूळ टिपणात 'दुःख' लिहिताना विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकला असेल, आणि अनेकांना ती सवय असते, तर बरोबर उत्तरही लाल. 'ॲ' दोन प्रकारे लिहिता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'अ' लिहून त्यावर चंद्र देऊन. डोळ्याला फरक नाही, संगणकाला आहे. 'वाऱ्या'तल्या अर्ध्या र चेही तसेच दोन मार्ग आहेत, आणि १९६० व 1960 हे तर उघडच वेगळे. फाइल नेण्यापूर्वी 'शोधा आणि बदला' वापरून सगळीकडे एकच रूप करून घ्या. निकाल तसाही तुम्हीच द्यायचा असतो, लाल दिसलं म्हणून कार्ड आपोआप नापास होत नाही. पण रोज बरोबर उत्तराला लाल रंग बघून डोकं फिरतं.

आता शिकण्याबद्दल, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच. टिपण पुन्हा वाचण्यापेक्षा ते आठवून पाहिलं तर जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलेली गोष्ट मला पटलेली आहे : पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने विचारलं तर आठवून पाहिलेले. म्हणून कार्डावर परिच्छेद घालू नका. एका कार्डावर एकच प्रश्न, उत्तर एका दमात सांगता येईल एवढं. वरचं ते चार शब्दांचं उत्तरही खरं तर चार कार्डांचं आहे. ८ वेळा विसरलेल्या कार्डाला अंकी 'लीच' म्हणजे जळू अशी खूण करतं. ते पुन्हा पुन्हा घोकण्यापेक्षा फोडा.

रोज नवीन किती, याची मूळ मर्यादा २० असते. ती १० वर आणा. उजळणीचा रोजचा बोजा काही आठवड्यांनी नवीन कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होतो, आणि तो पहिल्या आठवड्यात दिसत नाही, म्हणून सगळे फसतात. फाइल एकदाची गेली या आनंदात मी ती मर्यादा ५० केली होती. पंधरा दिवसांत ढीग साचला. ढीग साचला तर नवीन कार्डं शून्य करा आणि साचलेली रोज ठरावीक उपसा. सगळं पुसून पुन्हा सुरू करायचा मोह होतो, तो आवरा.

उत्तर पाहिल्यावर दाबायच्या बटणांपैकी 'हार्ड' म्हणजे 'आठवलं, पण कष्टाने'. विसरला असाल तर 'अगेन'. विसरूनही 'हार्ड' दाबत राहिलात तर दोन उजळण्यांमधल्या अंतराचं सगळं गणित बिघडतं, जुन्या पद्धतीतही आणि २०२३ साली आलेल्या एफएसआरएस या अंतर ठरवायच्या नव्या पद्धतीत तर अधिकच. त्यात किती टक्के आठवायला हवं ते सांगता येतं. मूळ ९० टक्के पुरे आहेत. आकडा चढवला की उजळण्या झपाट्याने वाढतात.

फोन जोडताना दोन्हीकडे वेगवेगळी कार्डं असतील तर कोणती बाजू ठेवायची असं विचारलं जातं. तिथे घाईने उत्तर देऊ नका, दुसरी बाजू पुसली जाते. त्याआधी सगळा संग्रह एक्स्पोर्ट करून ठेवा.

आणि हे फार आधी सांगायला हवं होतं : अंकीत पहिला रकाना हीच नोंदीची ओळख. माझ्या ६४० पैकी कित्येक ओळींचा पहिला रकाना नुसता 'अर्थ लिहा' असा होता. प्रश्नचिन्हं गेल्यावर कार्डं मोजली तर ५७१ भरली. एकसारख्या पहिल्या रकान्याच्या ओळी एकाच नोंदीत कोंबल्या गेल्या होत्या. शिवाय पुढे प्रश्नातली एखादी चूक फाइलीत सुधारून ती पुन्हा आयात केली, तर पहिला रकाना बदलल्यामुळे जुनं कार्ड तसंच राहतं आणि नवीन वेगळं तयार होतं. म्हणून पहिल्या रकान्यात १, २, ३ असा क्रमांक द्या, प्रश्न दुसऱ्यात आणि उत्तर तिसऱ्यात ठेवा, आणि कार्डाच्या साच्यात पहिला रकाना दाखवूच नका.